बंबाची दुसरी कडी

लग्न होऊन मी नाशिकला आले, त्याच आठवड्यात माझा प्रेशर कुकर गेला. चोरीला नव्हे, माझ्या डोळ्यांदेखत. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. कुकर ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. माझ्या पुण्याच्या आत्यानं तो आहेरात दिला होता आणि झाकणावर माझं नाव कोरून घेतलं होतं. मी तो दिवसातून दोनदा पुसत असे. भात मात्र पातेल्यातच शिजवत होते, कारण कुकर खराब होईल अशी भीती वाटे.

दारात एक बुटकी, भरदार बाई येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं, हातात पिशवी, कपाळावर घाम. "सलाम सूनबाई," म्हणाली, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. "लय चकाकतोय की गं हा! दे बघू इकडं. माझी डाळ काय शिजंना आज." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि निवडतच राहिल्या. कुकर पिशवीत गेला, पिशवी दाराबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या तारामावशींच्या घरातून कुकरची शिटी ऐकू आली. आमच्या कंपाउंडात तेव्हा दुसरा कुकर नव्हता. तारामावशी शिवणकाम करत. त्यांनी सासूबाईंचा नाताळचा ब्लाउज बिघडवला होता, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आता माझा कुकर त्यांच्याच चुलीवर! मी रडकुंडीला आले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "थांब. आणून देईल ती."

संध्याकाळी तारामावशी आल्या. भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून आत शेवयांची खीर घातलेली. "सलोमीबाई म्हणाल्या, वापर आणि जिचं नाव आहे तिला नेऊन दे. मला काय ठाऊक तुमच्या सुनेचा आहे म्हणून!" हे धडधडीत खोटं होतं, कारण झाकणावर माझ्या नावापुढे आमचं आडनावही होतं. पण मग त्या बसल्या. ब्लाउजचा विषय निघाला, थोडी रडारड झाली, खीर संपली. दिवे लागले तरी दोघी ओट्यावरच होत्या.

कुकर नेणाऱ्या त्या सलोमीबाईंची रीत मला अशी कळली. कोणाचं कोणाशी वाजलं की त्या एकाकडून काहीतरी उसनं आणायच्या आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारायच्या. परत करायला स्वतः कधी जायच्या नाहीत. "माझे पाय दुखतात, तूच दे नेऊन," एवढंच म्हणायच्या. पायांचं म्हणाल तर त्याच पायांनी त्या पंचवटीच्या बाजारापर्यंत चालत जायच्या आणि भाजीवाल्यांशी भांडून चालतच परत यायच्या. आमच्या कंपाउंडात पन्नासेक ख्रिस्ती घरं. वरवंटे, चाळण्या, शेवयांचे साचे, शिड्या, सगळं सतत कुणाच्या तरी भलत्याच घरात असायचं. नाताळच्या प्रीतिभोजनाला सगळी मंडळी एकत्र रांधायची आणि एकत्र जेवायची. तेव्हा ज्याच्या त्याच्या पातेल्यावर तिसऱ्याच कुणाचं तरी नाव निघायचं.

रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रीती, सहनशीलता, ममता अशी पवित्र आत्म्याची नऊ फळं हा त्यांचा लाडका धडा. वर्षातून किती वेळा तो घ्यायच्या याला सुमार नव्हता. "झाड आपलं फळ आपणच खातं का रं?" त्या विचारायच्या. मुलं ओरडायची, "नाय!" "मग तुझी सहनशीलता तुझ्यासाठी नाय, तुझ्या भावासाठी हाय. तुझी ममता तुझ्या बहिणीसाठी. ते फळ दुसऱ्याच्या तोंडात पडलं पाहिजे, तरच खरं." आमच्या पाळकसाहेबांना हे इतकं आवडलं, की पुढच्या महिन्यात त्यांनी ते उपदेशात स्वतःचं म्हणून सांगितलं. सलोमीबाई पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं "आमेन" म्हणाल्या. पाळकसाहेबांचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले.

एकदा त्यांनी बाजारातून टोपलीभर पेरू आणले. प्रत्येक मुलाला एक दिला आणि सांगितलं, या आठवड्यात ज्याच्याशी भांडण झालं असेल, त्याला आपला पेरू द्या. बेत फार सुंदर होता. पुढच्या रविवारी पेरू पुन्हा येणार अशी बातमी फुटली आणि शनिवारी कंपाउंडात मुलांची तुंबळ हाणामारी झाली. जो तो चार-चार जणांशी भांडण काढून बसला, म्हणजे चार-चार पेरू मिळतील. सलोमीबाईंनी डोक्याला हात लावला. "प्रीती शिकवायला गेले आणि गुंड तयार केले," म्हणाल्या, आणि टोपली आमच्या ओट्यावर ठेवून स्वतःच एक पेरू खात बसल्या.

त्यांची उसनवारी नेहमी फळाला यायचीच असंही नव्हतं. एका घरचा खलबत्ता त्यांनी शेजारच्या घरात नेऊन दिला. शेजाऱ्यांनी तो ठेवूनच घेतला. आधी त्या दोन घरांत भिंतीवरून वाद होता, नंतर भिंतीवरून आणि खलबत्त्यावरून. सलोमीबाईंनी शेवटी स्वतःचा खलबत्ता पहिल्या घराला देऊन टाकला आणि पुढे कित्येक महिने आमच्याकडे येऊन मिरी कुटत राहिल्या.

पण घड्याळाची गोष्ट मात्र कंपाउंड अजून सांगतं. पाळकसाहेब आणि पेटीमास्तर यांचं पटत नसे. पेटीमास्तर म्हणजे देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बाजाची पेटी वाजवणारे आमचे शिक्षक. ते गीत इतकं सावकाश वाजवत, की दुसऱ्या कडव्याला म्हातारी माणसं खाली बसत. पाळकसाहेब एकदा वेदीवरूनच म्हणाले, "मास्तर, प्रभूचं दुसरं येणं होण्याआधी आपण हे गीत संपवू या का?" मंडळी हसली. मास्तरांनी बोलणं सोडलं आणि दुसऱ्या रविवारपासून आणखी सावकाश वाजवायला लागले.

सलोमीबाईंनी एका शनिवारी पाळकसाहेबांचं गजराचं घड्याळ उसनं आणलं, "पहाटे उठून प्रार्थना करायचीय" असं सांगून. ते मास्तरांना दिलं, "उद्या वेळेवर उठा" म्हणून. रविवारी देऊळ भरलं. मास्तर पेटीशी बसले. वेदी रिकामी. पाळकसाहेबांच्या घराला आतून कडी, कारण बाईसाहेब माहेरी आणि साहेब घोरत पडलेले. मंडळीनं एक गीत म्हटलं, मग दुसरं. सलोमीबाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "मास्तर, घड्याळ तुमच्याकडं हाय. उठवायचं काम कुणाचं?" मास्तर उठले. बगलेत घड्याळ मारून गेले आणि पाळकसाहेबांच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी गजर वाजवला. थोड्या वेळानं दोघं बरोबरच आले. पाळकसाहेबांच्या झग्याची बटणं खालीवर लागलेली होती आणि मास्तर हसू दाबत होते. त्या दिवशीची गीतं जरा लगबगीनं झाली.

एवढं सगळं करणारी ही बाई स्वतः मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस वाटायची वेळ आली, की उठून बाहेर जायची.

आमच्या देवळात चपला दाराबाहेर काढायची पद्धत आहे. कंपाउंडातली कुत्री त्या पळवत. सलोमीबाई पायरीवर बसून, हातात काठी घेऊन चपला राखायच्या. आत मंडळी एकेक करून वेदीपुढे गुडघे टेकत असायची आणि बाहेरून "हाड! हाड!" ऐकू यायचं. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, केवढी ही सेवा! मग सासूबाईंनी सांगितलं.

त्यांच्या धाकट्या जाऊबाई, मार्थाबाई, भिंतीला भिंत लागून राहत. दोघीही विधवा, दोघींचीही मुलं परगावी. सलोमीबाईंचे मालक शमुवेल ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते, ते अचानक गेले. मातीच्या दिवशी घरात शवपेटी ठेवलेली, बायका बसलेल्या, कुणीतरी चहा केला. तेवढ्यात मार्थाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साखर कमी हाय चहात." सलोमीबाईंनी ते ऐकलं. "माझा माणूस पेटीत, आणि हिला साखर कमी!" त्या दिवसापासून त्या मार्थाबाईंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आणि मन साफ नसताना त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे त्यांचं पक्कं होतं. बाकीचे आम्ही सगळे काहीबाही मनात ठेवून बिनदिक्कत जाऊन गुडघे टेकत होतो. पाळकसाहेबांनी त्यांना कितीदा विनवलं. त्या म्हणायच्या, "साहेब, भांडण घेऊन ताटावर बसू का? आधी ते बाहेर ठेवलं पाहिजे. माझं लय जड हाय, एकटीला उचलत नाय."

मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, सगळ्यांच्या घरी वस्तू पाठवता. मार्थाबाईंकडे का नाही पाठवत काही?"

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "आपल्या पाठीला आपल्यालाच साबण लावता येतो का गं?" आणि लगेच विषय बदलून माझी चाळणी मागितली.

अशी वर्षं गेली. माझी मुलं त्यांच्याकडे नऊ फळं शिकली, पेरूंसाठी भांडली. ऐंशी साल उलटलं. सलोमीबाई थकल्या, खोकू लागल्या. एका पहिल्या रविवारी माझं धाकटं लेकरू रडायला लागलं म्हणून मी त्याला घेऊन बाहेर आले, तर त्या पायरीवर बसल्या होत्या आणि काठी बाजूला पडली होती. आत शेवटचं गीत चाललं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या भाकरीची चव विसरले गं मी. अशीच जायची बहुतेक." एक कुत्रं माझी चप्पल तोंडात धरून त्यांच्यासमोरून गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला फार वाईट वाटलं. चपलेचं नव्हे.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी तारामावशींना, तारामावशींनी पेटीमास्तरांना, मास्तरांनी पाळकसाहेबांना. डिसेंबरात आमच्या ओट्यावर या चौघांची बैठक झाली आणि चौघांनाही एकदमच एक वस्तू आठवली.

सलोमीबाईंकडे पाणी तापवायचा एक तांब्याचा बंब होता. शमुवेलांनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून आणलेला आणि त्यावर स्वतःच्या हातानं बायकोचं नाव कोरलेलं. रिकामा असला तरी दोन माणसांशिवाय हलत नसे. दोन बाजूंना दोन पितळी कड्या होत्या. नाशिकच्या थंडीत कढत पाण्यानं अंघोळ करणं ही सलोमीबाईंची एकमेव चैन होती. अंघोळ करताना त्या गायच्या आणि कंपाउंडाला त्यावरून किती वाजले ते कळायचं.

पाळकसाहेब स्वतः मागायला गेले. "बाहेरगावचे उपदेशक येणार आहेत. त्यांना गरम पाणी लागतं." सलोमीबाईंनी आनंदानं दिला. मास्तर आणि पाळकसाहेब एकेक कडी धरून बंब घेऊन निघाले, कंपाउंडाला वळसा घालून मागच्या बाजूनं आले आणि मार्थाबाईंच्या ओट्यावर ठेवून, "जरा असू द्या" म्हणून पळाले. पाळकसाहेबांना पळताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी गेले आणि म्हटलं, "मावशी, तुमचा बंब मार्थाबाईंकडे आहे."

त्यांना कळायला क्षणही लागला नाही. चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर काहीतरी दुसरंच आलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणाच्या डावात सापडलेलं मी प्रथमच पाहत होते.

"कुणाची अक्कल ही?"

"तुमचीच," मी म्हणाले आणि दाराबाहेर आले.

बाई मोठी हट्टी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थंड पाण्यानं अंघोळ सुरू केली. पहिला तांब्या अंगावर पडला की "हालेलुया!" अशी किंकाळी यायची आणि सगळ्या कंपाउंडाला हुडहुडी भरायची. पेटीमास्तर म्हणाले, एवढं जलद गीत म्हटलेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणखी दोन दिवसांनी किंकाळीच्या जागी नुसता खोकला यायला लागला. आम्हाला पश्चात्ताप व्हायला लागला. तारामावशी म्हणाल्या, "म्हातारी मरायची, आणि पाप आपल्या माथी." बंब परत आणावा असं ठरतच होतं.

तेवढ्यात मार्थाबाईंच्या ओट्यावरून आवाज आला. खर्र. मग थोडं थांबून पुन्हा खर्र.

आम्ही सगळे खिडक्यांआड. मार्थाबाई काटकुळ्या, संधिवातानं बोटं वाकलेली. त्या बंब ओढत होत्या. शहाबादी फरशीवरून तो वीतभर सरकायचा, की त्या कमरेला हात लावून उभ्या राहायच्या. दोन्ही दारांच्या मधोमध आल्या आणि तिथं त्यांचं बळ संपलं.

सलोमीबाईंचं दार उघडलं. अंगावर शाल, नाक लाल. "माझ्या बंबाचा तळ घासून काढतीस काय गं?" इतक्या वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

मार्थाबाई धापा टाकत म्हणाल्या, "मग धरा की आक्का दुसरी कडी! मला एकटीला उचलतो का हा?"

सलोमीबाई उभ्याच राहिल्या. मी इकडे खिडकीचे गज घट्ट धरले होते. मग त्या वाकल्या आणि त्यांनी कडी धरली. दोघींनी "हं" म्हणून बंब उचलला आणि वाटेत दोनदा ठेवत, तू इकडून घे, तुम्ही तिकडून घ्या असं एकमेकींवर खेकसत घरात नेला.

पुढचं मी चोरून ऐकलं. म्हणजे त्यांच्या मागच्या दाराशी मला अचानक फार काम निघालं. मार्थाबाई निखारे घालत होत्या आणि बोलत होत्या. "त्या दिवशी तुमच्या हातात कुणी तरी कप दिला. तुम्ही ओठाला लावला आणि ठेवून दिला. आदल्या रातीपासून पोटात पाणी नव्हतं तुमच्या. मी चाखून बघितला. तुम्हाला तीन चमचे लागतात, त्यात एकबी नव्हता. म्हणून बोलले, साखर कमी हाय. तुमच्या कपात."

सलोमीबाई खोकल्या, मग म्हणाल्या,

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाय?"

"तुम्ही विचारलं का?"

नंतर कधीतरी मी सलोमीबाईंना म्हटलं, किती वाईट, एवढ्याशा गैरसमजापायी इतकी वर्षं गेली. त्या मिश्किल हसल्या. "खोटंबी बोलत असंल ती. मला काय तो कप आठवत नाय. पण माझ्यासाठी एवढा विचार करून खोटं बोलली असंल, तर ते खऱ्यापेक्षा कमी हाय का?" त्यांनी ते पुन्हा कधी तपासून पाहिलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्या बाहेर गेल्या नाहीत. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली, तेव्हा सगळं देऊळ पहिल्या बाकाकडे बघत होतं. प्रार्थनेला कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते. सलोमीबाई मार्थाबाईंचा हात धरून उठल्या. गुडघे टेकायला दोघींना एकमेकींचा आधार घ्यावा लागला. भाकर देताना पाळकसाहेबांना तेच शब्द दोनदा म्हणावे लागले. पेटीमास्तर वाजवायचंच विसरले. मी रडले. सासूबाई रडल्या. तारामावशी तर इतक्या मोठ्यानं रडल्या, की लहान मुलं घाबरली.

उपासना संपवून बाहेर आलो, तर पायरी रिकामी. इतक्या वर्षांत प्रथमच चपलांना राखण नव्हती, आणि कुत्र्यांनी कुठलाही भेदभाव केला नव्हता. कुणाची एक गेलेली, कुणाच्या दोन्ही. पाळकसाहेबांचा नाताळचा नवा बूट पार विहिरीपाशी दिसत होता आणि त्यावर एक पिल्लू बसलं होतं. सलोमीबाईंनी कमरेवर हात ठेवून सगळा प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, "बघा. मी आत आले, की बाहेर हे असं होतं!"

त्यांच्या स्वतःच्या चपलाही गेल्या होत्या. मार्थाबाईंच्या मात्र राहिल्या होत्या, बहुधा फारच जुन्या म्हणून. त्यांनी त्या उचलून जावेच्या पायांपुढे ठेवल्या. "घाला आक्का. तुम्हाला खोकला हाय. फरशी गार हाय."

सलोमीबाईंनी त्यांत पाय सरकवले. लांब, अरुंद चपला, आणि त्यांचे पाय आखूड, रुंद. "उसन्या घेते हां," त्या म्हणाल्या. "परत द्यायला यावं लागंल मला."

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते तेव्हाच. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांच्या शाळेसाठी गंगापूर रोडला नव्या घरी राहायला गेलो, आणि उन्हाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. मी मातीला गेले, तेव्हा त्या चपला त्यांच्याच दाराशी होत्या. मार्थाबाई त्यांना कुणाला हात लावू देत नव्हत्या. "परत देणार हाय म्हणाल्या होत्या आक्का," त्या म्हणत होत्या. "येऊन देतील."

पण मला आठवतं ते जानेवारीतलं ऊन. देवळाकडून घराकडे दोघी चालल्या आहेत. धाकटी अनवाणी, थोरलीच्या टाचा चपलांबाहेर आलेल्या. चपला फटक फटक वाजताहेत आणि सलोमीबाई मोठ्यानं सांगताहेत, "मार्था, घरी चल. चहा टाक. आणि साखर नीट घाल."